रोयणीची अळंबी शेतात का पिकत नाही? वारुळातल्या बुरशीवर विद्यापीठांत झालेले संशोधन

आषाढ सरत आला की खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी भागातून, तसेच पलीकडच्या सत्तरी आणि दोडामार्गच्या रानातून अळंबी बाजारात यायला लागते. पानांत बांधलेले छोटे छोटे वाटे पुढ्यात मांडून बायका बसतात आणि भाव सांगितला की गिऱ्हाईक आधी दचकतं, मग घेतंच. कुणी अळंबे म्हणतं, कुणी अळमी, कानडीत अणबे. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिकडे ही रोयणीची अळमी. श्रावणात मांसमच्छी वर्ज्य असलेल्या घरांत तर अळंबीच्या रश्श्याला दुसरी तोड नसते.

दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. बटण मशरूम बारमाही मिळतं, धिंगरी घरच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर उगवते, मग एवढा भाव मिळणारी ही अळंबी कुणी शेतात का लावत नाही? याचं उत्तर थोडक्यात असं की, तिची शेती होते, पण ती वाळवी करते. माणसाला ती अजून जमलेली नाही.

छत्री वर, पीक खाली

आपण जी छत्री खातो ती या बुरशीचं फळ. मूळ बुरशी वर्षभर जमिनीखाली, वारुळातल्या कप्प्यांत असते. वाळवीच्या कामकरी सुकलेला पाला, काटक्या, गवत, सडकं लाकूड खाऊन येतात. सोबत बुरशीचे बीजाणूही त्यांच्या पोटात जातात. हे सगळं आतड्यातून झटपट बाहेर पडतं आणि त्या अर्धवट पचलेल्या लगद्याचा स्पंजासारखा, भोकाभोकांचा गोळा रचला जातो. यालाच बुरशीची बाग किंवा पोळं म्हणतात. त्यावर बुरशीचे पांढरे तंतू पसरतात आणि साबुदाण्याहूनही बारीक पांढऱ्या गाठी धरतात. वाळवी या गाठी खाते आणि पुन्हा नव्या पाल्याबरोबर बीजाणू पेरते. जुनं झालेलं पोळंही वाया जात नाही, बुरशीने मऊ केलेला तो भाग मोठ्या कामकरी खाऊन टाकतात. लाकडातला लिग्निन हा चिवट घटक वाळवीला स्वतःला नीट पचवता येत नाही, ते काम बुरशी करून देते. त्या बदल्यात बुरशीला तयार अन्न, दमट हवा आणि चोवीस तास राखण मिळते.

पावसाळ्यात या पोळ्यातून एक दांडा निघतो आणि माती भेदत वर येतो. छत्रीच्या मध्यावर जो टोकदार उंचवटा दिसतो तो यासाठीच, घट्ट माती फोडायला. अळंबी हळूच उपसली की देठाखाली लांबच लांब मुळासारखा भाग येतो. तो हातभरही असू शकतो आणि त्याचं खालचं टोक थेट वाळवीच्या बागेला टेकलेलं असतं. एका लहानग्या जातीचं मात्र वेगळं आहे. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही नखाएवढी अळंबी शेकड्याने एकदम उगवते, कारण वाळवीच जुन्या पोळ्याचे तुकडे बाहेर आणून जमिनीलगत टाकते.

पहिली नोंद तामिळ किनाऱ्यावरची

वारुळातल्या या बागांची शास्त्रीय नोंद भारतातच फार लवकर झाली. लिनीयसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत होता. १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या वाळवीवरील लेखात त्याने या बागांबद्दल लिहिले. पुढे १९०६ मध्ये श्रीलंकेत टॉम पेच यांनी वारुळातल्या बुरशीचा सविस्तर अभ्यास मांडला. १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी या सगळ्या जातींसाठी ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिले, अर्थ सरळ ‘वाळवीची बुरशी’. मद्रास विद्यापीठाचे के. नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातील एका जातीला हाइम यांचंच नाव देऊन टर्मिटोमायसिस हाइमी असे नामकरण केले. ही जात गोव्यातही मिळते.

जगभरात या गटात तीसेक जाती मानल्या जातात. त्यातली सर्वांत मोठी झांबियाची, १९८० मध्ये वर्णन झालेली टर्मिटोमायसिस टायटॅनिकस. तिची छत्री एक मीटरपर्यंत रुंद होऊ शकते. आपल्याकडे तसलं काही नाही.

ताळगाव पठारावर काय चाललं

गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ ची. ताळगावच्या पठारावरील त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागात बुरशीच्या अभ्यासाची चांगली परंपरा तयार झाली. प्रा. डी. जयराम भट यांनी पश्चिम घाटातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म बुरशींवर काम केले, तर डॉ. नंदकुमार कामत यांनी गोव्याच्या अळंबीचा, विशेषतः टर्मिटोमायसिसचा पाठपुरावा केला. कुठल्या जाती इथे मिळतात, प्रयोगशाळेत त्यांचे तंतू कसे वाढतात, त्यांतली रंगद्रव्यं कुठली, असे कितीतरी विषय या विभागात हाताळले गेले. रानातली ही अळंबी तोडू नका, खाऊ नका, असं जाहीरपणे सांगण्याचा वाईटपणाही कामत यांनी वर्षानुवर्षे घेतला. गोव्यात हे सांगणं म्हणजे गणपतीत मोदक करू नका म्हणण्यासारखंच!

२०२४ च्या अखेरीस डॉ. सुजाता दाबोळकर आणि डॉ. कामत यांनी टर्मिटोमायसिस हाइमीच्या मदतीने सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार केल्याची बातमी गाजली. ‘अळंबीपासून सोनं’ असे मथळेही झळकले. ते तेवढं सोपं नाही. सोन्याचा क्षार आधी घ्यावाच लागतो, बुरशी त्याचे कण करून देते एवढंच. पण बातमीत दडलेली एक गोष्ट जास्त कामाची होती. त्यासाठी रानातली छत्री ओरबाडावी लागली नाही. बुरशी प्रयोगशाळेतच गोळ्यांच्या रूपात वाढवलेली होती. म्हणजे या बुरशीतून औषधी किंवा औद्योगिक उपयोगाचं काही निघालंच, तर त्यासाठी वारुळाला हात लावण्याची गरज नाही.

तीन कोटी वर्षांची शेती

माणूस शेती करायला लागून दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची शेती त्याहून किती जुनी, हे डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठात काम करणाऱ्या डुर आनेन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या तुलनेतून शोधले. २००२ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार वाळवीने बुरशीची शेती एकदाच सुरू केली आणि आजच्या सगळ्या शेतकरी वाळव्या त्याच एका घराण्याच्या. उगम आफ्रिकेतील वर्षावनात, अंदाजे तीन कोटी वर्षांपूर्वी. टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यात अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या पोळ्याचे जीवाश्मही सापडले आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झाले, त्यामुळे या अंदाजाला ठोस आधार मिळाला.

२००९ मध्ये आनेन यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. एका वारुळात बुरशीचं एकच वाण असतं. सुरुवातीला दोन-चार वाणं आली तरी जे जास्त प्रमाणात असतं त्याचेच तंतू एकमेकांत मिसळून जोमाने वाढतात, त्याच्याच गाठी जास्त धरतात, वाळवी त्याच पुन्हा पेरते आणि बाकीची वाणं बाहेर पडतात. मैलोगणती एकाच जातीचा ऊस लावणाऱ्या आपल्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच की एका वाणाच्या शेतीत रोग शिरला की आपण हवालदिल होतो, वाळवीने तो बंदोबस्त केलेला आहे.

तो कसा, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. रेनी बोर्जेस यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. वाळवीच्या बागेतही तण असतं, स्यूडोझायलेरिया नावाची दुसरी बुरशी. वारुळातलं पोळं काढून वाळवीविना काही दिवस ठेवलं की पांढऱ्या गाठी मागे पडतात आणि हे तण फोफावून वर येतं. वाळवी असेपर्यंत मात्र ते डोकं वर काढत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले की वाळवी वासावरून पीक कुठलं आणि तण कुठलं ते ओळखते आणि तणावर मातीचे कण टाकून ते पुरते. डोळे नसलेल्या कामकरणी अंधारात नाकाने निंदणी करतात, म्हणायला हरकत नाही.

याच संस्थेत वारुळाच्या मातीवरही काम झाले. वाळवी मातीच्या बारीक गोळ्या करून विटेसारख्या रचते आणि त्या नीट होण्यासाठी मातीत ठरावीक ओलावा लागतो. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या उंच, पन्हाळीसारख्या खाचा असलेल्या वारुळांचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठाचे एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात केला. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की ऊन-सावलीच्या फरकावर वारूळ श्वास घेतं. दिवसा बाहेरचे पातळ भाग लवकर तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री हा प्रवाह उलटा फिरतो. दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री निचरतो. पंखा नाही, वीज नाही.

हे सगळं लक्षात घेतलं की शेतात अळंबी का पिकत नाही त्याचा उलगडा होतो. प्रयोगशाळेतल्या बशीत या बुरशीचे तंतू वाढतात, सावकाश पण वाढतात. त्यांतून छत्री मात्र येत नाही. तिला खालून पोळं, हवेचा तो मेळ, सतत निंदणी आणि गाठी खाऊन टाकणारं तोंड हवं, आणि मग योग्य वेळी त्या तोंडाने थोडं थांबायलाही हवं. बटण मशरूम किंवा धिंगरी सडत्या पदार्थावर एकट्याने जगणाऱ्या बुरशी आहेत, म्हणून त्या पिशवीत पिकतात. बाजारात हल्ली दुधी मशरूम म्हणून जाडजूड पांढरी अळंबी मिळते, तीही लागवडीची आणि वेगळ्याच जातीची. तिला ‘रानची’ म्हणून विकणारा भेटला तर देठाखालचं लांब मूळ दाखवायला सांगावं.

कळी महाग, आणि अडचण तिथेच

आता ज्यावर सगळं अडतं तो भाग. पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांची झुंबड उडते, ती नवीन राजा-राण्यांची. जोडी जमली की पंख गळतात, दोघं जमिनीत शिरतात आणि नवा संसार सुरू होतो. पण बहुतेक जातींत ही जोडी माहेराहून बुरशीचं बियाणं आणत नाही. काही थोड्या जातींत राजा किंवा राणी ते पोटातून नेते, आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस गटात तसं होत नाही. पहिल्या कामकरी तयार व्हायला काही महिने जातात. त्या बाहेर पडून पाला गोळा करतात तेव्हा पाल्यावर वाऱ्याने येऊन बसलेले बीजाणू त्यांच्याबरोबर घरात येतात. ते बीजाणू कुठून आले? मधल्या काळात शेजारच्या जुन्या वारुळावर उमललेल्या छत्र्यांतून. निसर्गाने वेळ बरोबर साधलेली आहे.

आणि बाजाराला नेमकी न उमललेली कळी हवी असते. ती टिकते, कुस्करत नाही, चवीलाही चांगली असं मानतात. पण कळीच्या आतल्या पापुद्र्यांतून एकही बीजाणू अजून बाहेर पडलेला नसतो. छत्री पूर्ण उघडून एखादा दिवस उभी राहिली की तिने आपलं काम केलेलं असतं, तेव्हा मात्र तिला भाव नसतो. एका वारुळावरच्या दोन-चार छत्र्या खुडल्याने काही बिघडत नाही, खालची बाग शाबूत राहते आणि पुढच्या वर्षी अळंबी पुन्हा तिथेच येते. जुन्या माणसांना आपापल्या जागा पाठ असतात त्या यामुळेच. पण अख्ख्या डोंगरावरच्या सगळ्या कळ्या दरसाल पहाटेच काढल्या गेल्या तर नव्या वारुळांना बियाणं मिळायचं कुठून? त्याचा फटका लगेच दिसत नाही. जुनं वारूळ बरीच वर्षं चालतं, त्यामुळे दहा वर्षं सगळं ठीक वाटतं आणि मग अळंबीच्या जागा एकेक करून मुक्या होतात.

याहून वाईट म्हणजे लोभापायी कुदळ घालणं. मुळासकट लांब अळंबी मिळावी किंवा आणखी कळ्या असतील म्हणून वारूळ खणलं की बागच फुटते. रस्तारुंदी, खाण आणि प्लॉट पाडण्यासाठी जेसीबीखाली जाणाऱ्या वारुळांचा हिशेब तर कुणी ठेवतच नाही.

गंमत अशी की याच पट्ट्यात वारूळ हे देवस्थान आहे. गोवा आणि सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, अनेक देवळांच्या गाभाऱ्यात आजही वारूळ आहे. नागपंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहणारी गावं घाटावरही आहेत. ज्यांनी ही रूढ घातली त्यांना लिग्निन ठाऊक नव्हतं, पण वारूळ मोडायचं नाही हे ठाऊक होतं. देवळातलं वारूळ अजून शाबूत आहे, बांधावरचं नाही.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीविना वनोपज काढता येत नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर ही गोव्यातील अभयारण्यं आणि २०११ मध्ये जाहीर झालेलं खानापूर तालुक्यातलं भीमगड यांना तो लागू आहे. पावसाळ्यात गोव्याचं वनखातं अळंबी काढणाऱ्यांना इशारे देतं ते याच आधारावर.

दुसऱ्या बाजूला २००६ चा वनहक्क कायदा आदिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांना गौण वनोपजाचा हक्क देतो. त्यातल्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद यांची नावं आहेत, अळंबीचं नाही. शिवाय व्याख्या ‘वनस्पतीजन्य’ उत्पादनांची, आणि बुरशी ही शास्त्राच्या दृष्टीने वनस्पतीच नव्हे! अर्थात ‘इत्यादी’ या शब्दात तिला जागा आहे असं म्हणता येतं आणि म्हणायलाही हवं. कारण पहाटे चारला कंदील घेऊन रानात जाणाऱ्या बाईची ती दोन महिन्यांची रोख कमाई असते, आणि रानाला बसणारा खरा मार गाडी घेऊन येऊन टोपल्यांनी माल उचलणाऱ्यांचा असतो. सरसकट बंदीपेक्षा, ठरावीक वारुळं त्या वर्षी सोडून द्यायची आणि प्रत्येक जागी काही छत्र्या पूर्ण उमलू द्यायच्या, असा गावानेच केलेला नियम जास्त चालेल. पण तो करायचा तर ग्रामसभेत अळंबीचा विषय निघावा लागेल.

विजेची आणि चांदीच्या नाण्याची गोष्ट

ढग गडगडले, वीज पडली की अळंबी उगवते, असं सगळीकडे मानतात. जपानमधील इवाते विद्यापीठात कोइची ताकाकी यांनी शिटाकेसारख्या लागवडीच्या मशरूमच्या ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे झटके देऊन पाहिले, तेव्हा उत्पादन वाढलं. म्हणजे समज अगदीच पोकळ नाही. मात्र ती बुरशी वेगळी, आणि आपल्याकडे वीज व पाऊस एकत्रच येत असल्याने श्रेय कुणाचं हे सांगणं कठीण.

चांदीचं नाणं किंवा लसूण रश्श्यात टाकून काळा पडला तर विषारी, हा समज मात्र साफ खोटा आहे. त्यावर विसंबून माणसं दवाखान्यात पोहोचतात. गोठ्याजवळ, हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस ही मोठी पांढरी छत्री अनेकदा खाण्याजोगी समजून काढली जाते. तिने तासा-तीन तासांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. तिची छत्री देठ कापून पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर हिरवट ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी असतो. पण गुलाबी ठसा उमटवणाऱ्या काही विषारी जातीही आहेत, तेव्हा नुसत्या ठशावर भरवसा नको. टोकदार माथा आणि वारुळापर्यंत गेलेलं लांब मूळ, दोन्ही पाहिलेलं बरं. ज्या माणसाला ती जागा वर्षानुवर्षे माहीत आहे त्याच्याकडूनच घेतलेली सगळ्यांत बरी.

अमानिता गटातल्या काही जातींचं विष सहा ते बारा तास किंवा त्याहूनही उशिरा जाणवतं, मध्येच बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. म्हणून अळंबी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी जरी त्रास झाला तरी घरगुती उपाय करत बसू नये, तडक इस्पितळ गाठावं. ताटात किंवा पातेल्यात उरलेली अळंबी फेकू नये, डब्यात घालून सोबत न्यावी, आणि ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सगळ्यांना, काही होत नसलं तरी, घेऊन जावं.